पुसून न गेलेला ठिपका

मुलीच्या आयुष्यातला पहिला शोध मी फडक्यानं पुसायला गेलो.

यात माझी फारशी चूक नव्हती असं मी आजही म्हणतो. घरात कुणी ऐकत नाही, ते सोडा. सांगलीच्या विश्रामबागेत माझं चष्म्याचं दुकान आहे. काचेवर डाग दिसला की माझा हात आपोआप वरच्या खिशात जातो, आणि खिशात मऊ फडकं असतंच. लग्नाकार्यात शेजारी बसलेल्या पाहुण्याचा चष्मा मळका दिसला, तर बोलता बोलता मी तो त्याच्या नाकावरून काढतो, पुसतो आणि परत बसवतो. बायको लांबून डोळे वटारते. पाहुणे आता मला बघून चष्मा खिशात घालतात.

तर त्या दिवशी सकाळी लेकीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता. ती आत चहा आणायला गेली होती. पडद्यावर काळ्याभोर अंधारात एक पांढरा गोळा, आणि त्याच्या उजव्या अंगाला, थोडा खाली, एक बारीक ठिपका. मला वाटलं पोह्यातला खोबऱ्याचा कण उडाला असेल. दुकानातला फवारा घरातही असतो. फवारा मारला, फडकं फिरवलं. ठिपका जागचा हलला नाही. मग नखानं खरवडलं.

"पप्पा, काय करताय?"

"डाग आहे गं. जात नाही."

लेक दोन्ही हातांत कप धरून तशीच उभी राहिली. मग हसायला लागली, इतकी की कप खाली ठेवावे लागले. "पप्पा, तो डाग दिसावा म्हणून मी कधीपासून घासतेय, आणि तुम्ही तो जावा म्हणून."

माझी लेक पुण्याला एका संशोधनसंस्थेत ताऱ्यांच्या फोटोंवर पीएच.डी. करते. वसतिगृहाच्या जेवणानं पोट बिघडलं, आईच्या हातचा मऊ भात खायला आले, असं सांगून ती त्या आठवड्यात सांगलीला आली होती. ते मला पटलं होतं. बायकोला पटलं नव्हतं. "पोट बिघडलेलं माणूस आल्या आल्या मिसळ खायला जात नाही," एवढंच ती म्हणाली आणि तिनं भात शिजायला टाकला.

पडदा कोरडा करता करता लेकीनं मला तिचं काम समजावून सांगितलं. आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा मी नुसती मान हलवली होती. या वेळी अपराधी असल्यामुळे नीट ऐकलं.

गुऱ्हाळात उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीच्या पलीकडं उभा असलेला माणूस बघा. वाफेतून तो कसा वितळल्यासारखा हलतो. तारा आपल्याला तसाच दिसतो, कारण मधे मैलोगणती हवा आहे आणि ती कधी स्वस्थ बसत नाही. मोठ्या दुर्बिणींमध्ये यावर उपाय म्हणून एक पातळ आरसा असतो. त्याच्या पाठीला असंख्य बारीक बोटं लावलेली असतात. हवा जशी थरथरते, तशी ती बोटं आरसा दाबतात, ओढतात, सेकंदाला शेकडो वेळा, म्हणजे हवेनं जे वाकडं केलं ते आरशानं सरळ करायचं.

"म्हणजे आकाशाला चष्मा," मी म्हणालो. "क्षणोक्षणी नंबर बदलणारा."

"अगदी तसंच," लेक म्हणाली.

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी ते ऐकवलं. एका आजींनी विचारलं, "मग तो किती दिवसांत मिळतो?"

पण एवढं करूनही चित्र पुरतं साफ होत नाही. ताऱ्याभोवती धुरकट वलय उरतंच. तिथून पुढं लेकीचं काम सुरू होतं. एकट्या ताऱ्याकडे बघून ती शिकते, की त्या रात्री त्या दुर्बिणीत एका बिंदूचा डाग कसा पसरत होता; हा झाला डागाचा नमुना. मग संगणक अंदाजानं एक स्वच्छ आकाश मांडतो, ते त्याच पद्धतीनं मुद्दाम धूसर करतो, खऱ्या फोटोशी ताडून बघतो, आणि फरक दिसेल तिथं अंदाज सुधारतो. मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला चित्र थोडं टोकदार होतं. असं करता करता एका ताऱ्याच्या कुशीत तिला तो ठिपका दिसला होता.

"हा त्या ताऱ्याचा जोडीदार असू शकतो, पप्पा. आजवर कुणी बघितलेला नाही." मग चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "पण अजून नक्की नाही."

नक्की झालं तर काय, हेही तिनं सांगितलं. तिच्या बरोबरीच्या सगळ्यांचे शोधनिबंध छापून आले होते, तिचा एकही नव्हता. हा ठिपका खरा असेल तर पहिला निबंध तिचा, त्यावर पहिलं नाव तिचं. तिचे सर पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुण्यांच्या बैठकीत ते चित्र दाखवणार होते आणि सोमवारपर्यंत ते त्यांना हवं होतं. आणि खोटा असेल, तरीही दाखवला गेला, तर तिनं साफ केलेल्या कुठल्याही चित्राकडे यापुढे लोक डोळे बारीक करून बघणार.

मी त्याच दिवशी तासगावला थोरल्या भावाला फोन केला. सांगण्यासारखं काही घडलं की माझ्या तोंडाला झाकण नसतं. लेकीचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं सांगितलं, फक्त शेवटचं 'पण अजून नक्की नाही' तेवढं राहून गेलं.

दादा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. आता द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड आणि गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचं अध्यक्षपद सांभाळतो.

"आपल्या पोरीनं तारा धरला, आन् तू मला फोनवर सांगतोस व्हय रं?"

"मग कसं सांगू?"

"तू काय सांगू नगंस. रविवारी तिला घिऊन ये. शेडावर सत्कार करू."

लेकीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आईच्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकांचं कपाट आवरलं. तिसऱ्या दिवशी आवरायला घरात काही उरलं नाही, तेव्हा ती माझ्याबरोबर दुकानात आली.

दुकानात तिशीतला एक एसटी ड्रायव्हर डोळे तपासायला आला होता. लांबच्या पाट्या धूसर दिसतात अशी तक्रार. मी त्याला खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकामागून एक भिंगं घालायला लागलो. आधीच्या भिंगापेक्षा पुढचं बरं, त्यापेक्षा पुढचं बरं. शेवटून दुसरी ओळ त्यानं घडाघडा वाचली. मी अजून एक पायरी वाढवून बघितली.

"हां. हे लय भारी. अक्षरं कशी काळीभोर झाली. हेच द्या."

"खालची ओळ वाचा बघू."

त्यानं मान पुढं काढली, मागं घेतली. "ती न्हाई लागत."

"मग हे नाही द्यायचं," म्हणून मी ते भिंग काढलं.

"आवं, पर काळं दिसतंय की चांगलं."

त्याला समजवायला वेळ लागला. नंबर गरजेपेक्षा जास्त झाला की अक्षरं बारीक, काळी आणि टोकदार दिसतात. माणूस खूश होतो. पण त्याला नवं काही वाचता येत नसतं; डोळा आतून जोर लावून ते अक्षर ओढून धरत असतो. चार दिवसांनी माणूस डोकं धरून परत येतो. म्हणून अक्षर नुसतंच काळं झालं आणि पुढची ओळ लागली नाही, की आम्ही एक पायरी मागं येतो. ड्रायव्हरनं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "तरीबी तेच लय भारी हुतं."

तो गेल्यावर मी लेकीकडे बघितलं. ती त्याच्याच खुर्चीत जाऊन बसली होती, समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत. मला एकदम आपण काहीतरी थोर बोलून गेलो असं वाटलं. म्हटलं, "तुझ्याही कामात असंच होत असेल, नाही का? जास्त घासलं की खोटं टोकदार?"

"होतं," ती म्हणाली. "हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, पप्पा." माझं थोरपण तिथंच संपलं. "डागाचा नमुना जरा चुकला, आणि तरी फेऱ्या वाढवत गेलं, की जिथं काही नाही तिथं ठिपके उगवतात. छान, गोल, खरे वाटणारे."

"मग हा खरा की खोटा, हे कळत नाही का?"

"कळतं. त्याच रात्रीचा, त्याच दुर्बिणीतला दुसरा तारा घ्यायचा. ज्याच्याजवळ कुणी नाही हे सगळ्यांना माहीत आहे असा. त्याच्यावर सगळं तसंच करायचं. तिथं काही उगवलं नाही, तर माझा ठिपका टिकला. तिथंही तसाच उगवला, तर तो आकाशातला नाही, माझ्या पद्धतीतला."

"मग केलंस का?"

ती पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचत असल्यासारखी थांबली. "नाही. आठ तास लागतात त्याला."

"आठ तासच ना?"

"पप्पा, आठ तासांसाठी थांबले नाहीये मी. आत्ता तो ठिपका आहे. लावल्यावर कदाचित नसेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पोट का बिघडलं होतं. बायकोच्या डोक्यात तो आल्याच दिवशी पडला होता. आणि बाप म्हणून अशा वेळी जे बोलू नये तेच मी बोललो. म्हणालो, "मग नको लावूस. सरांनी बघितलंय ना चित्र? त्यांना चालतंय ना?"

लेक माझ्याकडे वळली. "त्या ड्रायव्हरला तुम्ही असं म्हणाला असता?"

मी खिशातलं फडकं काढलं आणि काउंटरची काच पुसायला घेतली. ती सकाळीच पुसली होती.

रविवारी सकाळी तासगावला निघायची तयारी झाली. बायकोनं इस्त्रीची साडी नेसली होती, मी सत्काराला शोभेल असा सदरा घातला होता, आणि लेक लॅपटॉप मिटून त्याच्यावर हात ठेवून बसली होती. बायको तिच्याजवळ जाऊन बसली. माझी बायको कोयनानगरची. तिचे वडील तिथल्या वीजघरात नोकरीला होते आणि तिचं लहानपण धरणाच्या वसाहतीत गेलं, जिथं जमीन अधूनमधून हलते आणि लोक हातातला घास संपवून मग बाहेर पडतात.

"आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली ना," ती लेकीला म्हणाली, "की माझी आई आधी वर बघायची. छताला दिवा टांगलेला असायचा. दिवा झुलत असेल तर धक्का. झुलत नसेल तर बाहेरून ट्रक गेला, नाहीतर मांजर. मला वर बघायची फार भीती वाटायची. मी न बघताच अंगणात पळायचे आणि डोळे मिटून बसायचे."

"मग?"

"मग काय. आई म्हणायची, डोळे मिटून तू अंगणात बसणार किती वेळ? दिवा काय तू बघितल्यामुळं झुलणार आहे का?"

लेकीनं लॅपटॉप उघडला. काहीतरी टाइप केलं, परत वाचलं, एक बटण दाबलं. चार्जरची पिन नीट बसली आहे का ते तिनं दोनदा बघितलं. मग उठली आणि म्हणाली, "चला. संध्याकाळपर्यंत होईल."

तासगावला दादाच्या शेडासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. शेडात जाळ्यांवर बेदाणा वाळत होता आणि सगळीकडे त्याचा गोडसर, घशात बसणारा वास होता. बांधावर एक फ्लेक्स लावला होता. त्यावर गणवेशातला दादा मोठा, लेक मध्यम, आणि मी कोपऱ्यात पासपोर्टएवढा. मागं आकाश म्हणून फ्लेक्सवाल्यानं कड्यासकट शनी छापला होता.

"काका, हा शनी आहे," लेक म्हणाली.

"असू दे की. त्याला तारा सापडला न्हाई, ह्यो चांगला दिसतोय म्हणाला."

लेकीच्या डोक्याला फेटा बांधला गेला. सरपंच बोलले, सोसायटीचे अध्यक्ष बोलले, दादा सगळ्यांपेक्षा जास्त बोलला. मग दादानं शाल उलगडली आणि लेकीनं हळूच त्याच्या हाताला हात लावला. "काका, आधी मी बोलू का?"

तिनं माईक घेतला. फेटा एका बाजूला कलला होता, तो तिनं सरळ केला नाही. "मी तारा शोधला असं सगळ्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "मला एक ठिपका दिसलाय. तो तारा आहे का चित्रातली चूक आहे, ते मला माहीत नाही. घरी मशीन लावून आलेय. संध्याकाळी कळेल. चूक असायचीच शक्यता जास्त आहे."

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. दुसऱ्या रांगेतले एक म्हातारे उठून उभे राहिले. "मंग नारळ आत्ता द्यायचा का संध्याकाळी?"

लोक हसले. दादा हसला नाही. तो हातातल्या उलगडलेल्या शालीकडे बघत होता. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण तो माईककडे आला.

"आमी सरहद्दीवर हुतो तवा," तो म्हणाला, "पोरं गस्तीला जायची. दिवसभर बरफातनं फिरून यायची आन् सांगायची, साहेब, तिथं कुणी न्हाई. त्यांना काय आमी उपाशी झोपवत न्हवतो." मग त्यानं लेकीच्या खांद्यावर शाल घातली. "आन् नारळ दुकानदार परत घेत न्हाई. धर, पोरी."

परतीच्या वाटेवर लेक मागच्या सीटवर शाल पांघरून बसली होती. गाडीत गरम होत होतं, तरी तिनं ती काढली नाही.

घरी आल्यावर ती थेट लॅपटॉपसमोर बसली. आम्ही दोघं तिच्या मागं उभे राहिलो. या वेळी माझे हात मी पाठीमागं धरले होते. पडद्यावर दुसरा तारा आला, तो एकटा, जवळ कुणी नाही हे सगळ्यांना माहीत असलेला. आणि त्याच्या उजव्या अंगाला, थोडा खाली, तसाच बारीक ठिपका.

मला तो डाग ओळखीचा वाटला. त्याला मी नख लावलं होतं.

लेकीनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली, मोठी केली, लहान केली. मग म्हणाली, "ज्या ताऱ्यावरून मी डागाचा नमुना घेतला, तो आधी टिपलेला होता. मधल्या वेळात हवा बदलली. आरशानं जे सरळ करायचं ते जरासं राहून गेलं. तेवढ्या फरकातून हा उगवला." तिचा आवाज सरळ होता, पण शेवटचे दोन शब्द ओले झाले. बायकोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोक्यावर अजून फेटा होता.

गॅलरीत जाऊन तिनं सरांना फोन केला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो सर. दोन्हीकडे. त्याच जागी. हो, माझीच चूक, नमुना." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, मीही त्या ठिपक्याच्या प्रेमात पडलो होतो, चाचणी आधी मागायला हवी होती. बैठकीत आता दुसरं काहीतरी दाखवतील. मला म्हणाले, नमुना बदलून पुन्हा सुरू कर, पण आधी दोन दिवस झोप." ती खुर्चीत बसली आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. "आई, आता खरंच मऊ भात कर."

भात शिजत होता तेव्हा दादाचा फोन आला. "काय झालं रं गड्या?"

"नाही निघाला, दादा. चूक होती चित्रातली."

"बरं," तो म्हणाला. "पोरगी जेवली का?"

"जेवेल आता."

"फ्लेक्स काढू का मग?" विचारलं त्यानं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. "ऱ्हाऊ दे. त्यात शनी हाय. शनी तर खरा हाय न्हवं?"

लेक वरण-भात खाऊन शालीसकट झोपून गेली. बायको ओटा आवरत होती, मी ताटं पुसत होतो. पुसण्याचं काम मला निर्धास्तपणे देता येतं. मी म्हणालो, पोरीनं सगळं बरोबर केलं, घोळ माझा. अर्ध्या तासगावला सांगून बसलो. तिच्या डोक्यावर उगाच फेटा चढवला.

बायकोनं नळ बंद केला. "एक सांगू? त्या ठिपक्यावर घरात सगळ्यात आधी संशय तुम्हीच घेतला होतात. नखानं खरवडून सुद्धा बघितलंत. मग दादांना फोन लावताना ते फडकं कुठं ठेवलं होतंत?"